पातळी तीन

तुम्ही एका अकरा वर्षांच्या पोरीला कागदावर बुडवलंत. पाण्यात ती बुडत नव्हती, म्हणून कागद घेतलात.

तुम्हाला साहेब म्हणू की मॅडम, मला ठाऊक नाही. तुमच्या पत्राखाली नाव नसतं, नुसतं ‘सक्षम प्राधिकारी’ असतं आणि एक गोल शिक्का. मी नावानिशी लिहिते. शालन आंबी, आंबी घाट जलतरण क्लब, कृष्णाकाठ. शाळा सातवीपर्यंत. आमच्या घरात तीन पिढ्यांनी पैलतीराला माणसं नेली. पूल झाला, होडी काठावर पालथी पडली आणि मी तलावावर पोरांना शिकवायला लागले. त्याला एकतीस वर्षं झाली. तुमच्या नोटिशीला चार ओळींत उत्तर देता आलं असतं. पण चार ओळी तुम्ही फायलीला टाचता आणि विसरता. म्हणून सगळंच लिहिते.

पातळ्या तुम्ही आणल्यात असं तुम्हाला वाटतं. आमच्याकडे त्या आधीपासून होत्या, सहाच. पहिली डबा. पोराच्या पाठीला रिकामा तेलाचा डबा बांधायचा आणि पाण्यात सोडायचं. दुसरी भरता डबा. ही माझी स्वतःची रीत. डब्यात मी रोज वाटीभर पाणी ओतत जाते, पोराला कळू न देता. एक दिवस डबा काठोकाठ भरलेला असतो, त्याचा आधार कणभरही उरलेला नसतो, आणि पोर तरी वर असतं. त्या दिवशी मी डबा सोडून त्याच्या हातात देते आणि म्हणते, ओत. ते पाणी ओतताना पोराचं तोंड बघायला मी एकतीस वर्षं पहाटे उठले.

तिसरी बिनडबा, चौथी तलावाची रुंदी, पाचवी लांबी. सहावी नदी. पावसाळा सरून पाणी निवळलं की थंडीत एका सकाळी कृष्णा पार करायची. पार करताना ताकदीची पोरं पुढे, वऱ्हाडाच्या घोळक्यासारखी नाही, बगळ्यांच्या रांगेसारखी तिरकी, आणि कच्चं पोर त्यांच्या मागे. पुढच्यांनी पाणी मोडायचं, मागच्याने मोडलेल्या पाण्यातून यायचं. माझ्या बापाने मला असंच नेलं. मी तलावातही तेच करत आले. लहान पोर कायम मोठ्यांच्या मागे. हे लक्षात ठेवा, कारण सगळी भानगड इथे आहे.

आमच्याकडे कुणी नापास होत नसे. कुणी वर्ष-दीड वर्ष डब्यातच राही. राही तर राही.

तीन वर्षांपूर्वी तुमची ‘जलरेषा’ आली. बसवायला आली माझीच मुलगी, हेमांगी. इंजिनियर आहे. तलाव रिकामा केला, जुन्या फरशा काढल्या आणि राखाडी फरशा बसवल्या. हात फिरवला तर मखमलीसारख्या.

“हे काय गं, गालिचा?” मी म्हटलं.

“केस आहेत ते, आई. आपल्या केसापेक्षा बारीक. सगळ्या तलावात मिळून चाळीस लाख.”

मग तिने सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. माशाच्या अंगावर गालापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. मासे साफ करताना ती मी हजार वेळा पाहिली आणि कधी विचारलं नाही की ही कशाला. त्या रेघेत बारीक खळगे असतात, खळग्यात केस, केसावर चिकाची टोपी. जवळून पाणी हललं की केस वाकतो आणि माशाला कळतं, कोण आलं, कुठून आलं, केवढं आलं. अंधारात डोळ्यावाचून मासा सगळं ओळखतो तो या रेघेने. ती रेघच माणसांनी तलावाच्या अंगावर काढली होती. आता तलाव मासा झाला होता आणि पोरं त्याच्या कुशीत पोहणार होती.

पोहणारा माणूस मागे भोवरे सोडतो. हाताचे, पायाचे, उजवे, डावे. डोळ्यांना फक्त फेस दिसतो. भोवरे खाली गुपचूप फिरत राहतात, मिनिटभर, दोन मिनिटं. जलरेषा ते वाचते आणि भिंतीवरच्या पडद्यावर रंगात दाखवते. उजवीकडे फिरणारा केशरी, डावीकडे फिरणारा निळा.

पहिल्या सकाळी हेमा म्हणाली, “आई, तू उतर.”

मी लुगड्याचा काचा मारून नदीत पोहलेली बाई. उतरले. एक लांबी मारून काठाला धरलं आणि वर पाहिलं. पडद्यावर माझ्या मागे केशरी-निळ्या फुलांची दुहेरी माळ होती, मी आले तिथून पार पलीकडच्या काठापर्यंत, आणि प्रत्येक फूल आपल्याभोवती सावकाश फिरत होतं. मी पन्नास वर्षं पाण्यात होते. पन्नास वर्षं हे माझ्या पाठीमागे उमलत होतं आणि मी एकदाही मागे बघितलं नव्हतं. काठावर उभी असलेली ऋतिका, आमची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात तिखट पोरगी, ती म्हणाली, “मावशी, तुम्ही तर रांगोळी घालत आलात.”

इथपर्यंत यंत्राशी माझं भांडण नाही. आजही नाही. हे नीट वाचा.

पुढचं हेमाने सांगितलं तेव्हा मी जरा सावध झाले. भोवऱ्यांवरून कळतं, पोराची किती ताकद त्याला पुढे नेते आणि किती पाणी ढवळण्यात वाया जाते. देशभरातल्या हजारो पोरांचे दहा-दहा वर्षांचे भोवरे यंत्राने पाहिलेत. त्यावरून ते सांगतं, हे पोर फार फार तर कुठल्या पातळीपर्यंत जाईल. तुम्ही त्याला ‘कमाल पातळी’ म्हणता. पोरं त्याला छत म्हणतात.

यंत्र तपासायला हेमा स्वतः उतरली. पडद्यावर आकडा आला, सहा.

ती काठावर बसून केस पिळत होती. “सोळाव्या वर्षी तू मला काय म्हणाली होतीस, आठवतं?”

“किती काय काय म्हणाले असेन.”

“हेमा, तुझं पाणी जड आहे. पोहणं सोड, अभ्यासाला लाग.”

“लागलीस की. इंजिनियर झालीस.”

“झाले. आणि हे बसवायला घेतलं, कारण पुन्हा कुणाच्या आईने नुसतं बघून असं सांगू नये.”

मी टॉवेल पुढे केला. तिने घेतला नाही.

मग तुमचा आदेश आला. दहा वर्षांवरच्या ज्या पोराचं छत चारच्या खाली, त्याला प्रशिक्षणाची लेन नाही. त्याने रविवारी चाळीस मिनिटं मनोरंजन गटात यायचं. मनोरंजन म्हणजे उथळ बाजूला डुंबणं. मी त्या आदेशावर सह्या केल्या. पहिल्या वर्षी चार पोरं काढली, दुसऱ्या वर्षी सात. मला कुणी धमकावलं नव्हतं. यंत्राचं बरोबर येत होतं, मी पाहत होते. ज्याला ते पाच म्हणालं ते पोर पाचला पोचत होतं. मला वाटलं, माझ्या डोळ्यांपेक्षा याला जास्त दिसतं. हेमाच्या बाबतीत दिसलंच होतं.

या जानेवारीत अलिशाला दहा पूर्ण होऊन अकरावं संपत आलं आणि तिची चाचणी झाली. छत, तीन.

अलिशा इकबाल नदाफ. सहाव्या वर्षी आली तेव्हा हाताच्या काड्या आणि तोंडाला टाळा नाही. डब्यात दोन वर्षं राहिली, क्लबच्या इतिहासात सगळ्यात जास्त. पोरं चिडवायची तर म्हणायची, “डबा माझा धाकटा भाऊ आहे, त्याला सोडून कशी जाऊ?” डबा सुटल्यावर मात्र ती मोठ्या पोरींच्या मागे लागली आणि तीन वर्षं तिथून हलली नाही. ऋतिकाच्या पायांपासून दोन हातांवर अलिशा, हे रोजचं दृश्य. ऋतिका म्हणायची, मला शेपटी फुटलीय.

आकडा पाहून ती माझ्याकडे आली. “मावशी, हे तीन शाळेतल्या मार्कासारखं की जिन्यातल्यासारखं?”

“म्हणजे कसं?”

“जिना असला तर पुढं चौथी पायरी असती.”

मी म्हटलं, जा, कपडे बदल.

संध्याकाळी तिचा बाप आला. इकबालभाई गाद्या भरतो. हातात फॉर्म होता, मनोरंजन गटाचा, सही न केलेला.

“ताई, भांडायला नाही आलो. पोरगी जेवत नाही, म्हणून आलो.”

“यंत्राचा आकडा आहे, इकबालभाई. माझ्या हातात काही नाही.”

“असू दे. मी एक विचारतो. कापूस मुठीत घेतला की मला कळतं किती फुगेल. तीस वर्षांचा हात आहे. पण पिंजल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. कधीतरी एखादा कापूस असा निघतो की खोलीभर होतो.” त्याने फॉर्म टेबलावर ठेवला. “एकतीस मार्चपर्यंत मुदत आहे म्हणे. तोपर्यंत तिला पाण्यातनं काढू नका.”

दुसऱ्या दिवशी मी हेमाला बोलावून चाचणीचं चित्र पुन्हा लावायला सांगितलं. नियमाप्रमाणे तलाव वीस मिनिटं शांत ठेवलेला, पाणी आरशासारखं, आणि त्यात एकटी अलिशा. हात टाकायची आणि थबकायची. पाय मारायची आणि थबकायची. भोवरे विस्कटलेले, फिके.

“ही अशी पोहत नाही,” मी म्हटलं.

“यंत्र खोटं बोलत नाही, आई.”

“मी कुठं म्हणते खोटं बोलतं. ही कशाची तरी वाट बघतेय. बघ की.”

अलिशाला विचारलं तर मान खाली घालून म्हणाली, “एकटीला पाणी काहीच सांगत नाही.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि सोबत लाजही वाटली. तीन वर्षं मी हिला मोडलेल्या पाण्यात ठेवली होती. माझ्या बापाची रीत म्हणून, कच्चं पोर म्हणून, पुढे काढायचं ध्यानातच राहिलं नाही म्हणून. साधं पाणी हिला ठाऊकच नव्हतं. चूक माझी होती. तुमच्या कुठल्याही तलावावर ही चूक होणार नाही, कारण तिथे प्रत्येक पोर आपापल्या दोरीत एकटं पोहतं.

मी फेरचाचणी मागितली. तुम्ही वीस मार्चला निरीक्षक पाठवलेत, भोकरे साहेब. माणूस बरा होता. तिची एकटीची चाचणी घेतली, पुन्हा तीन. कागद आवरायला लागले.

मी म्हटलं, “साहेब, एकदा मोडलेल्या पाण्यात घ्या.”

“तसं नियमात नाही, बाई.”

“नियमात मनाई आहे का?”

ते हसले. “गाडी यायला वीस मिनिटं आहेत. यंत्र चालू ठेवतो, आधीच्या जागी हीच फेरचाचणी म्हणून नोंदही करतो. घ्या तुम्हाला काय घ्यायचं ते.”

लेनच्या दोऱ्या काढल्या. सहा मोठ्या पोरी नदी पार करतात तशा तिरक्या लावल्या, ऋतिका टोकाला. चौथ्या लेनच्या रेषेत, सगळ्यांच्या मागे, अलिशा. तेव्हा काठावर तीसेक माणसं होती, पोरांचे आईबाप, इकबालभाई, चहावाला. मी शिट्टी दिली.

पहिली लांबी मी अलिशाकडे पाहत होते. नेहमीसारखीच, पायांमागे पाय. मग हेमाने माझं मनगट धरलं. “आई, पडदा.”

सहा पोरींच्या मागे भोवऱ्यांच्या माळाच माळा. अख्खा तलाव केशरी-निळा पेटल्यासारखा. आणि त्यातून मधोमध एक काळी वाट निघाली होती. रंग नाही, भोवरा नाही, काही नाही. ती वाट पुढे सरकत होती. तिच्या टोकाला अलिशा होती. केशरी भोवऱ्यापाशी आली की तिचं अंग जरासं वळे आणि भोवरा विझे. निळ्यापाशी आली की दुसरीकडे वळे, तो विझे. घरातले दिवे एकेक मालवत आई झोपायला जाते ना, तसं.

“बंद पडलं काय?” भोकरे साहेबांनी विचारलं.

“नाही,” हेमा म्हणाली. “ती भोवरे वापरतेय. नदीत दगडामागे मासा उभा राहतो ना, तसं. प्रयोगशाळेत एकदा दांडीमागच्या भोवऱ्यांत मेलेला मासा सोडला होता, तर तोसुद्धा प्रवाहाच्या उलट पुढे गेला. अंग लवचिक असलं की भोवराच ढकलतो. ही तर जिवंत आहे. हिला कळतंय कुठला भोवरा कधी येणार. उजव्या भोवऱ्यावर ही डावा सोडते, दोघे एकमेकांना खातात. मागे उरतच नाही काही.”

अलिशाच्या मनगटावरच्या पट्टीचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात येत होता. सुरुवातीला नाडीचे ठोके एकशे अठ्ठेचाळीस. चौथ्या लांबीला एकशे वीस. आठव्या लांबीला अठ्ठ्याण्णव. पुढच्या पोरी सतरा-अठरा वर्षांच्या, जिल्ह्यात पदकं घेतलेल्या, त्यांची धाप मला काठावर ऐकू येत होती. त्यांच्याच वेगाने ही अकरा वर्षांची पोर येत होती आणि तिचं काळीज झोपायला निघाल्यासारखं शांत होत होतं.

चहावाल्याने किटली खाली ठेवली होती.

भोकरे साहेबांनी बूट काढले, पँट वर केली, काठावर उकिडवे बसले आणि अलिशा गेल्यावर तिच्या मागच्या पाण्यात तळवा बुडवला. दोन्ही बाजूंना पाणी उसळत होतं. तिथे नव्हतं. ते बराच वेळ हात तसाच ठेवून बसले.

“शांत आहे,” ते म्हणाले. मला नाही, कुणालाच नाही.

दहाव्या लांबीनंतर अलिशा काठाला लागली. ऋतिका धापा टाकत होती. “काय गं शेपटी, दमलीस का?”

“तू मध्येच पाय हळू केलास,” अलिशा म्हणाली. “माझी लय गेली.”

मग सगळे एकदम हसले आणि इकबालभाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

एकतीस वर्षं पोरांना पाण्यात ढकलणारी मी, मला त्या दिवशी कळलं की पाणी काय असतं ते मला फार थोडं ठाऊक आहे. आणि हे मला तुमच्याच यंत्राने दाखवलं. ते नसतं तर मी जन्मभर म्हणत राहिले असते, बरी पोहते, जरा मागे राहते.

आता पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुमचं आहे. अहवाल यंत्रातून आपोआप निघतो. यंत्राला भोवरे दिसतात, माणूस दिसत नाही, आणि मनगटाच्या पट्टीचे ठोके अहवालात धरत नाहीत. भोवराच नाही म्हटल्यावर अहवालात छापून आलं : ‘पोहणारे सहा. लेन चार रिकामी. उमेदवार गैरहजर.’ भोकरे साहेबांनी तो कागद तीनदा वाचला. मग ओले हात पुसून खाली सही केली.

“साहेब, तुम्ही पाण्यात हात घातला होता,” मी म्हटलं.

“हाताची नोंद कुठल्या रकान्यात करू, बाई?” ते म्हणाले. गाडी आली होती.

मी तुम्हाला चित्रफीत तीनदा पाठवली. तीस माणसांच्या सह्या पाठवल्या, त्यात चहावाल्याचीही आहे. तुमचं उत्तर आलं : उमेदवार फेरचाचणीला गैरहजर, सबब पातळी तीन कायम, एक एप्रिलपासून लेन बंद. आणि या आठवड्यात ही नोटीस, की अपात्र उमेदवाराला प्रशिक्षण दिल्याच्या तक्रारीवरून माझ्यावर कारवाई का करू नये.

फेरचाचणीच्या दिवशी तलाव आवरताना मी हेमाला म्हटलं, “मी चुकले गं.”

“अलिशाच्या बाबतीत?”

“तुझ्या. सोळाव्या वर्षी.”

ती फरशीवरचं पाणी झाडूने सारत राहिली. “बारा वर्षांनी सांगतेस.”

“उशीर झाला.”

“झालाच.” मग थोड्या वेळाने, “सकाळी किती वाजता असतात गं या पोरी?”

दुसऱ्या सकाळी साडेपाचला ती पोहायच्या कपड्यांत हजर होती. ऋतिकाने तिला टोकाची जागा दिली. तेव्हापासून माझी मुलगी रोज पुढे पाणी मोडते आणि मी काठावर तोंड मिटून उभी राहते. तिचं पाणी जड नव्हतं. कधीच नव्हतं. तुमच्या आकड्याआधी आकडा सांगणारी मीच होते, आणि मला तर यंत्रही लागलं नव्हतं. म्हणून मी तुमच्यावर ओरडते ते तुम्ही परके म्हणून नाही. ही चूक आतून कशी दिसते ते मी पाहिलंय. ती चूक वाटतच नाही, अनुभव वाटते.

ज्या अकरा पोरांवर मी सह्या केल्या, त्यांच्यात काय वाचायचं राहून गेलं, मला माहीत नाही. त्यांच्या दारात मला जायचं आहे. ते उत्तर मी द्यायचं, तुमच्याकडे मागत नाही.

तुमच्याकडे मागते ते एवढंच. अलिशा नदाफ रोज पहाटे येते. सात मोठ्या पोरींच्या मागे, चौथ्या लेनच्या रेषेत पोहते. रोजचा अहवाल यंत्रातून आपोआप तुमच्याकडे येतो. काढून बघा. एक एप्रिलपासून आजपर्यंत रोज छापून आलंय, पोहणारे सात, लेन चार रिकामी. तुमच्या नोंदीप्रमाणे मी कुणालाही शिकवत नाही. मग ही नोटीस कुणाबद्दल काढलीत?

लेन चारमध्ये कुणी नसेल, तर तसं लिहा आणि नोटीस मागे घ्या. कुणी असेल, तर तिचं पूर्ण नाव लिहा, तिची पातळी किती ते लिहा, आणि ती कशाने मोजलीत तेही लिहा. दोन्हीपैकी कुठलंही चालेल. खाली शिक्का नको. सही करा, आणि सहीखाली स्वतःचं नाव लिहा. मी वाट बघते आहे.